‘बरा आहे’ आणि ‘बरा झाला’

मराठीत ‘बरा’ हा शब्द दोन कामे करतो. कसा आहेस असे कुणी विचारले की आपण ‘बरा आहे’ म्हणतो. आजार गेला, औषध संपले, आता यायला नको असे डॉक्टरांनी सांगितले, की ‘बरा झाला’ म्हणतो. बहुतेक दुखण्यांत या दोन वाक्यांत फारसे अंतर पडत नाही. ताप उतरला की माणूस बरा असतो आणि बरा झालेलाही असतो. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र जग जवळजवळ तीस वर्षे या दोन वाक्यांच्या मधोमध उभे आहे. रोजची गोळी न चुकता घेणारा माणूस बरा असतो. तो कामाला जातो, संसार करतो, त्याला निरोगी मुले होतात, इतरांसारखाच म्हातारा होतो. पण तो बरा झालेला नसतो. गोळी थांबवली, तर बहुतेकांच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो.

हे अंतर मिटवण्यासाठी चाललेल्या संशोधनाच्या मी पूर्णपणे बाजूने आहे. ‘गोळ्या आहेत ना, मग आणखी कशाला पैसा घालायचा’ हे म्हणणे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे सांगेनच. मात्र ‘बरा झाला’च्या शोधाची सगळी उभारणी ‘बरा आहे’ म्हणणाऱ्या माणसांच्या शरीरावर, शिस्तीवर आणि विश्वासावर झालेली आहे, हे आपण सारखे विसरतो. म्हणून त्या शोधाचे मोल ठरवताना किती रुग्ण बरे झाले एवढेच मोजून भागणार नाही. त्याने चालू उपचाराला काय दिले आणि त्यातून काय काढून घेतले, हेही मोजावे लागेल.

सुरुवात १९९६ पासून करावी लागते. त्या वर्षी तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मरणाच्या दारातून माणसे परत येऊ लागली. अमेरिकेतील संशोधक डेव्हिड हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिते मांडली: औषधांनी विषाणूची नवी पैदास पूर्ण थांबवता आली, तर संसर्ग झालेल्या पेशी आपोआप मरून दोन-तीन वर्षांत शरीर विषाणूमुक्त व्हायला हवे. ही आशा वेडगळ नव्हती. तेव्हा जेवढे माहीत होते त्यावरून काढलेले ते प्रामाणिक अनुमान होते. पण १९९७ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिले, की काही सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या रोगप्रतिकारक पेशी, विषाणूला आपल्या जनुकांत घेऊन झोपी गेलेल्या असतात. त्या विषाणू तयार करत नाहीत, म्हणून औषधाला त्या दिसत नाहीत आणि रोगप्रतिकारशक्तीलाही दिसत नाहीत. शिवाय या पेशींचे कामच मुळी जुन्या आजारांची आठवण जपण्याचे असल्यामुळे त्या वर्षानुवर्षे टिकतात. रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने मोजले, तेव्हा हा लपलेला साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात असे निघाले. या गतीने तो संपायला ७३ वर्षांहून अधिक काळ लागला असता. म्हणजे जवळजवळ आयुष्यभर.

हा आकडा अनेकांना निराश करून गेला. उपचाराच्या दृष्टीने मात्र मला तो उपकारक वाटतो. औषध दोन-तीन वर्षे घ्यायचे असेल तर माणूस मूठभर गोळ्या, उलट्या, जुलाब, चेहऱ्यावरची चरबी झडणे, सगळे सोसतो. तेच औषध जन्मभर घ्यायचे ठरले, की औषधच बदलावे लागते. आज दिवसाला एक गोळी आहे. काहींना दोन महिन्यांतून एकदा इंजेक्शन घेऊन भागते. औषधे सोपी होण्यामागे कारणे अनेक होती, पण जन्मभर टिकेल असा उपचार हवा, ही निकड त्या लपलेल्या साठ्याच्या शोधाने ठसवली. आजार मुळापासून उपटू पाहणाऱ्यांना जिथे अपयश आले, तिथून उपचार करणाऱ्यांना दिशा मिळाली. शोध आणि उपचार यांचे हे नाते पहिल्यापासूनचे आहे.

उलट दिशेनेही देणे-घेणे झाले आहे, आणि ते जास्त बोलके आहे. दक्षिण आफ्रिकेत बाळांवर एक चाचणी झाली. प्रश्न अगदी साधा होता: एचआयव्हीसह जन्मलेल्या बाळाला लगेच औषध द्यावे, की ते आजारी पडायला लागल्यावर द्यावे? उत्तर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. लगेच औषध दिल्याने सुरुवातीच्या काळातील मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. जगभरचे नियम त्यामुळे बदलले. त्या चाचणीत काही बाळांना ४० आठवडे औषध देऊन मग थांबवण्यात आले होते. त्यांतले एक मूल साडेआठ वर्षांहून अधिक काळ औषधाशिवाय राहिले आणि विषाणू परतला नाही, हे २०१७ मध्ये जाहीर झाले. कायमच्या सुटकेसाठी ती चाचणी आखलीच नव्हती. बाळे जगावीत म्हणून ती आखली होती. फ्रान्समधील ज्या १४ जणांच्या गटाची २०१३ मध्ये खूप चर्चा झाली, त्यांचीही गोष्ट अशीच. लागण होताच त्यांना नेहमीचे उपचार मिळाले, ते काही वर्षे चालले, मग थांबले, आणि विषाणू आटोक्यातच राहिला. चांगला, वेळेवर मिळालेला उपचार हीच या सगळ्या उदाहरणांची जमीन आहे.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एचआयव्हीसह जन्मलेल्या एका बाळाची गोष्ट याहून अवघड आहे. जन्मानंतर साधारण ३० तासांत त्याला औषधे सुरू झाली. दीड वर्षाच्या सुमारास आईने बाळाला दवाखान्यात आणणे थांबवले. काही महिन्यांनी ते परत आले, तेव्हा औषध बंद असूनही विषाणू सापडत नव्हता. मार्च २०१३ मध्ये ही बातमी जगभर गेली, ‘बाळ बरे झाले’ अशा मथळ्यांनी. जुलै २०१४ मध्ये दुसरी बातमी आली: २७ महिने औषधाशिवाय राहिल्यानंतर विषाणू परतला होता. पहिल्या बातमीचा आवाज आणि दुसरीचा आवाज यांत किती फरक होता, ते त्या काळात वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना आठवत असेल. मला मात्र त्या गोष्टीतला दुसराच धागा बोचतो. हा ‘शोध’ लागला तो एक आई आणि एक मूल उपचाराच्या व्यवस्थेतून निसटले म्हणून. त्या आईला दवाखाना का सोडावा लागला असेल, हा प्रश्न पेशींच्या चर्चेत कुठल्या कुठे गेला. पुढे त्याच अनुभवावरून बेतलेल्या चाचणीत जन्मानंतर ४८ तासांच्या आत औषध सुरू झालेल्या मुलांपैकी सहा जणांचे औषध काळजीपूर्वक थांबवण्यात आले, आणि चौघे ४८ आठवड्यांहून अधिक काळ विषाणूशिवाय राहिले, असे २०२४ मध्ये समजले. त्यांतल्याही एकात विषाणू नंतर परतला. आशा खरी आहे. पण ती जन्मापासून दवाखान्याचा हात न सुटलेल्या मुलांमुळे दिसली.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा.

२००६ मध्ये एका फार मोठ्या चाचणीचे निकाल आले. ३३ देशांतील ५,४७२ जण तीत होते. अर्ध्यांना औषध सतत, अर्ध्यांना सीडी-४ पेशींची संख्या पाहून थांबत-सुरू करत. औषधातून सुट्टी मिळाली तर दुष्परिणाम कमी होतील, अशी कल्पना होती. निघाले उलटेच. थांबून-थांबून औषध घेणाऱ्यांत संधीसाधू आजार (प्रतिकारशक्ती खालावल्यावर गाठणारे आजार) किंवा मृत्यू यांचा धोका अडीच पटींहून अधिक होता. चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्या दिवसापासून जगातला प्रत्येक समुपदेशक, प्रत्येक नर्स, प्रत्येक डॉक्टर एकच वाक्य सांगत आला आहे: गोळी चुकवू नका, गोळी थांबवू नका.

आणि बरे करण्याच्या संशोधनात नेमकी गोळीच थांबवून पाहावी लागते. दुसरा मार्ग अजून नाही. लपलेला साठा पूर्ण संपला की नाही, हे खात्रीने सांगणारी रक्तचाचणी आजही उपलब्ध नाही. बॉस्टनमधील दोघांच्या शरीरात, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणानंतर, शोधूनही विषाणू सापडत नव्हता. औषध थांबवल्यावर एकाच्या शरीरात तो १२ आठवड्यांनी परतला, दुसऱ्याच्या ३२ आठवड्यांनी. सुईच्या टोकाएवढाही अंश उरला तरी पुरतो. म्हणून नवे औषध, नवी प्रतिपिंडे (विषाणूला ओळखून चिकटणारी प्रथिने), जनुकांची नवी दुरुस्ती, काहीही असो, शेवटी एका माणसाला सांगावे लागते की तुमची गोळी थांबवा, आम्ही पाहत राहू.

हे सांगणे अनैतिक आहे असे मी म्हणत नाही. आजच्या चाचण्यांत थोड्याथोड्या दिवसांनी रक्त तपासतात, विषाणू ठरावीक पातळीवर गेला वा सीडी-४ पेशी घटल्या की औषध पुन्हा सुरू होते. २००६ मधली ती चाचणी आणि हे थांबणे यांत फरक आहे. तरीही या माणसाकडून आपण काय मागतो ते मोठ्याने उच्चारले पाहिजे. गेल्या काही वर्षांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांना मिळालेली सर्वात मोठी मोकळीक कोणती? रक्तात विषाणू सापडत नसेल तर शरीरसंबंधातून तो पसरत नाही, हे ज्ञान. २०११ मध्ये १,७६३ जोडप्यांच्या चाचणीने त्याचा भक्कम पाया घातला. नंतरच्या अभ्यासांत, विषाणू दबलेला असताना जोडीदाराला त्याच्यापासून लागण झाल्याचे एकही उदाहरण मिळाले नाही. ‘माझ्यामुळे कुणाला काही होणार नाही’ या खात्रीची किंमत पैशांत करता येत नाही. चाचणीसाठी गोळी थांबवणारा माणूस ती खात्री काही आठवड्यांसाठी, महिन्यांसाठी परत करतो. एका उपचारात्मक लशीच्या चाचणीत औषध थांबवलेल्या सहभागीकडून जोडीदाराला लागण झाल्याची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. जोडीदार त्या चाचणीत नव्हता. त्याने कुठल्याही कागदावर सही केली नव्हती.

म्हणून माझा आग्रह आहे, की जोडीदाराचे संरक्षण हा अशा चाचणीचा मूळ भाग असला पाहिजे. त्याला विश्वासात घेणे, प्रतिबंधक गोळ्या देणे, त्याची तपासणी करणे, आणि यासाठी पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरणे. अनेक देशांत दुसऱ्याला एचआयव्हीचा धोका पोचवणे हा गुन्हा आहे. तिथे चाचणीसाठी गोळी थांबवलेल्या माणसाला कायद्याचे संरक्षण कोण देणार, याचे उत्तर चाचणी सुरू होण्याआधी तयार हवे. आणि विषाणू परतला तर त्या माणसाच्या मनाचे काय? वर्षानुवर्षे ‘विषाणू आढळत नाही’ असा अहवाल पाहून जो निवांत झाला होता, त्याला पुन्हा आकडा दिसतो. निदान झाले त्या दिवसाची धास्ती परत येते. संशोधकांच्या भाषेत चाचणी यशस्वी होते, कारण विषाणू किती दिवसांनी परतला हे कळते. त्या माणसाच्या भाषेत त्या दिवसाला काय म्हणायचे?

इथे शब्दांची जबाबदारी येते. ‘बरे करण्याची चाचणी’ असे नाव दिले की कागदावर बारीक अक्षरांत काहीही लिहिले असले तरी माणूस ‘बरे करण्याची’ एवढेच वाचतो. सुरुवातीच्या टप्प्यातील चाचणीत सहभागी होणाऱ्याला स्वतःला लाभ होण्याची शक्यता जवळजवळ नसते. ती चाचणी पुढच्यांसाठी असते. हे सरळ, तोंडावर सांगितले तरी माणसे पुढे येतात, असा माझा विश्वास आहे. या आजाराचा इतिहासच तसा आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मरणाऱ्या माणसांनी स्वतःवर औषधे तपासू दिली आणि संशोधनाचे नियम बदलायला भाग पाडले. अशा माणसांना अर्धसत्य सांगून संमती घेण्याची गरज नाही. मराठीत आपल्याकडे ‘उतार पडला’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. आजार गेलेला नाही, पण त्याचा जोर ओसरला आहे, असा त्याचा अर्थ. औषधाशिवाय विषाणू काही काळ दबून राहिला, तर त्याला उतारच म्हणावे. ‘बरा झाला’ हे वाक्य अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतरच उच्चारावे.

कारण त्या वाक्याचा गैरवापर करणारे टपून बसलेले असतात. २००७ मध्ये गाम्बियाचे राष्ट्राध्यक्ष याह्या जामे यांनी आपल्याकडे एचआयव्हीवर वनौषधींचा रामबाण उपाय असल्याचे जाहीर केले. लोकांना त्यांच्या उपचारात दाखल करून घेतले गेले आणि त्यांची खरी औषधे बंद करायला लावली गेली. त्यांतून वाचलेल्यांनी सत्ता बदलल्यानंतर, २०१८ मध्ये, त्यांच्याविरुद्ध न्यायालयात दावा केला. हा टोकाचा प्रकार झाला. पण प्रत्येक फुगवलेल्या मथळ्यानंतर कुठे ना कुठे कुणीतरी विचारतोच, की बरे करणारे औषध निघाले म्हणतात, मग ही गोळी आता कशाला? खोट्या वैद्याला खऱ्या बातमीचा आधार सहज मिळतो. प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून घोषणा करणाऱ्यांनी हा प्रश्न ज्या समुपदेशकाला झेलावा लागतो, तिचा विचार बोलण्याआधी करावा.

आजवर ‘बरा झाला’ असे खात्रीने म्हणता येईल अशी माणसे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पहिले टिमोथी रे ब्राउन. त्यांना रक्ताचा कर्करोग होता. बर्लिनमध्ये डॉ. गेरो ह्यूटर यांनी त्यांच्यासाठी असा दाता शोधला, की ज्याच्या पेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारे सीसीआर-५ हे दारच नव्हते. २००७ आणि २००८ मध्ये दोनदा प्रत्यारोपण झाले. मग लंडनचे अॅडम कॅस्टिलेहो, ड्युसेलडॉर्फचे मार्क फ्रांके, कॅलिफोर्नियात उपचार घेतलेले पॉल एडमंड्स, न्यूयॉर्कची एक स्त्री. जवळजवळ सगळ्यांनाच रक्ताचा जीवघेणा कर्करोग होता, म्हणूनच त्यांना प्रत्यारोपणाचा धोका पत्करावा लागला. त्या प्रत्यारोपणात माणूस दगावू शकतो. रोज एक गोळी घेऊन धडधाकट असलेल्या माणसाला ते कुणीही सुचवणार नाही. त्यातच सीसीआर-५ चे ते दुर्मीळ जनुकीय रूप मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या माणसांत, तेही सुमारे एक टक्क्यात, आई आणि वडील दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रतींमध्ये आढळते. आफ्रिकी आणि आशियाई वंशांत ते जवळजवळ नाहीच. न्यूयॉर्कच्या स्त्रीचा वंश मिश्र होता. तिला जुळणारा दाता मिळणे कठीण, म्हणून गर्भनाळेतील रक्ताचा आधार घ्यावा लागला. म्हणजे हा मार्ग खरा आहे, पण त्यावरून लाखो माणसे चालू शकत नाहीत. त्याने दिली ती एक गोष्ट मात्र फार मोठी आहे: अशक्य नाही, ही खात्री. तीवर पुढे जनुक-संपादनाचे प्रयत्न उभे राहिले. क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राने पेशीत दडलेला विषाणूच कापून काढण्याच्या पहिल्या मानवी चाचणीत तिघांनी औषध थांबवले. तिघांतही विषाणू परतला, एकात १६ आठवड्यांनी. २०२४ मध्ये आलेला हा निकाल अपयशाचा होता, आणि तो लपवला गेला नाही, याचा मला आदर वाटतो.

हे संशोधन कुठे होते आणि कुणावर होते, याकडे वळले की चित्र अधिक अस्वस्थ करते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि मुली आहेत. २०१६ च्या एका आढाव्यात बरे करण्याच्या अभ्यासांतील स्त्रियांचे प्रमाण काढले, तर ते सुमारे ११ टक्के निघाले. हा नुसता न्यायाचा प्रश्न नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक झोपलेल्या विषाणूला जागे होऊ देत नाही, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. विषाणूला जागे करून मारायचे, ही बरे करण्याची एक प्रमुख कल्पना. ती फक्त पुरुषांवर तपासली तर अर्ध्या जगाला लागू पडेल का, हेच कळणार नाही. तीच गत विषाणूच्या प्रकारांची. जगातल्या जवळपास निम्म्या लागणी ज्या ‘सी’ उपप्रकाराच्या आहेत, त्यावर काम कमी. युरोप-अमेरिकेत आढळणाऱ्या ‘बी’वर जास्त.

म्हणूनच दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळच्या उमलाझी वस्तीतल्या कामाचे मला महत्त्व वाटते. तिथे एचआयव्ही नसलेल्या तरुण मुली एका कार्यक्रमात येत. आठवड्यातून दोनदा त्यांची तपासणी होई, आणि त्याबरोबर नोकरीसाठी, आयुष्यासाठी उपयोगी पडतील असे वर्ग भरत. कुणाला लागण झालीच, तर ती काही दिवसांतच कळे आणि लगेच औषध सुरू होई. अशा वेळेवर औषध मिळालेल्या २० स्त्रियांवर पुढे प्रतिपिंडांची आणि रोगप्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाची चाचणी झाली. २०२५ मध्ये निकाल आले. सुमारे ३० टक्के स्त्रिया चाचणी संपेपर्यंत गोळ्यांशिवाय राहू शकल्या. उरलेल्यांना गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ३० टक्के हा विजयाचा आकडा नाही. पण या कामाची सुरुवात पाहा: तपासणी, शिक्षण, सोबत, तत्काळ उपचार. ज्या ठिकाणी लागण सर्वाधिक होते तिथे आधी काळजीची घडी बसवली आणि तिच्यातून संशोधन उगवले. मला हवी असलेली व्यवस्था जवळपास अशीच आहे.

आणि अशाच ठिकाणांवर घाव बसला आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत रोखली. २००३ पासून चाललेल्या तिच्या ज्या एचआयव्ही कार्यक्रमाने (पेपफार) अडीच कोटींच्या आसपास जीव वाचवल्याचे मानले जाते, त्याच्या दवाखान्यांतली कामे एका रात्रीत अडकली. दक्षिण आफ्रिकेत योनीत बसवायच्या एचआयव्ही प्रतिबंधक रिंगच्या चाचणीतील स्त्रियांच्या शरीरात रिंग असतानाच चाचणी थांबवण्याचा हुकूम आला. मे महिन्यात अमेरिकेतल्याच दोन मोठ्या लस-संशोधन गटांना निधी पुढे चालू राहणार नसल्याचे कळवण्यात आले. त्या वेळी कुठे कुणी गोळी थांबवून पुढच्या रक्तचाचणीची वाट पाहत बसला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. दवाखाना बंद झाला की गोळी मिळणारा आणि गोळी थांबवून पाहणारा, दोघेही उघड्यावर पडतात. रक्त काढणारी नर्स एकच, नमुने ठेवायचा फ्रीज एकच, फोन करून ‘आला नाहीत, सगळे ठीक ना’ असे विचारणारी ताई एकच. म्हणून अशी चाचणी सुरू करताना, देणगीदाराचे मन फिरले तरी सहभागींना औषध, तपासणी आणि डॉक्टर मिळत राहतील इतका पैसा वेगळा, हात न लावता येईल असा ठेवलेला असावा. त्याशिवाय कुणालाही गोळी थांबवायला सांगू नये. हा माझा सर्वात ठाम आग्रह आहे.

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेला प्रश्न: गोळ्या असताना हे संशोधन कशाला? २०२४ च्या शेवटी जगात ४ कोटी ८ लाख माणसे एचआयव्हीसह जगत होती. ३ कोटी १६ लाखांना औषध मिळत होते. उरलेल्या ९० लाखांहून अधिक माणसांपर्यंत ते पोचत नव्हते, आणि मुलांत तर निम्म्याहून थोड्याच अधिकांना ते मिळत होते. त्या वर्षी सुमारे ६ लाख ३० हजार माणसे गेली. हे आकडे समोर ठेवून ‘आधी सगळ्यांना गोळी द्या, मग बरे करण्याचे पाहू’ असे कुणी म्हटले, तर त्यातली तळमळ मला कळते. निष्कर्ष मात्र चुकीचा वाटतो. एकूण खर्चात बरे करण्याच्या संशोधनाचा वाटा फार लहान आहे. तो काढून गोळ्यांत घातला तरी भूक भागणार नाही. आणि गोळी पुरेशी आहे हे गोळी न घेणारा म्हणतो. जन्मभर दररोज एक गुपित गिळणे, प्रवासात डबी लपवणे, नवे नाते जुळताना सांगायचे कधी हे ठरवणे, दवाखान्याच्या रांगेत ओळखीचे कुणी दिसू नये म्हणून मान खाली घालणे, हे सगळे त्या गोळीबरोबर येते. शिवाय विषाणू दबला तरी शरीरात बारीक दाह चालू राहतो. हृदयविकाराचा धोका वाढतो. २०२३ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या ७,७६९ जणांच्या अभ्यासात एका स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने, हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्या. हा निव्वळ काळजीचा अभ्यास. पण तो दाह का राहतो, या प्रश्नाच्या मुळाशी तोच लपलेला साठा असावा, असे अनेक संशोधक मानतात. दोन वाटा इथेही एकमेकींत मिसळतात.

उलट बाजूला ‘एकदा औषध निघाले की झाले’ असे मानणारे आहेत. त्यांनी हिपॅटायटिस सी कडे पाहावे. दोन-तीन महिने गोळ्या घेतल्या की तो आजार जातो. अशी औषधे २०१३-१४ पासून आहेत. तरी २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी माणसांना हा आजार होता, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुतेकांना निदानच झालेले नाही. क्षयरोग तर आपल्या आजोबांच्या काळापासून बरा होतो. २०२३ मध्ये त्याने साडेबारा लाख माणसे नेली, आणि त्यांत एचआयव्हीसह जगणारेही होते. औषध निघणे आणि ते माणसाच्या हातात पडणे यांच्या मध्ये तपासणी, दवाखाना, पैसा, लाज, अंतर, भीती एवढे सगळे असते. उद्या एचआयव्ही मुळासकट उपटणारे औषध निघाले, तर ते याच वाटेने जाईल, आणि आज जिथे गोळी पोचत नाही तिथे तेही पोचणार नाही. जनुकांवरचे उपचार किती महाग असतात ते पाहता, कदाचित आजच्या गोळीपेक्षाही कमी ठिकाणी पोचेल. पोचलेच, तरी रक्तातली प्रतिपिंडे अनेकांत तशीच राहतील. साधी तपासणी ‘पॉझिटिव्ह’च दाखवत राहील आणि ‘मी बरा झालोय’ हे माणसाला कागदानिशी सिद्ध करत बसावे लागेल. नोकरी देणारा, लग्न जुळवणारा, विमा काढणारा त्यावर विश्वास ठेवील का? याची तयारी प्रयोगशाळेत होत नाही.

२०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय एड्स सोसायटीने बरे करण्याच्या संशोधनाची पहिली जागतिक आखणी मांडली. तिच्या पुढाकारात फ्रान्स्वाज बारे-सिनूसी होत्या. १९८३ मध्ये हा विषाणू शोधणाऱ्यांपैकी त्या एक. विषाणू शोधणाऱ्या व्यक्तीनेच तो घालवण्याच्या कामाला हात घालावा, याचे मला आजही अप्रूप वाटते. अशा आखण्या आता एचआयव्हीसह जगणाऱ्यांना बरोबर बसवून होतात, हे चांगलेच आहे. पण बरोबर बसवणे म्हणजे सभेत खुर्ची देणे एवढेच असू नये. कोणता प्रश्न आधी घ्यायचा, गोळी किती दिवस थांबवायची, कोणत्या आकड्याला परत सुरू करायची, बातमी केव्हा आणि कोणत्या शब्दांत द्यायची, यांत त्यांचा शब्द मोजला गेला पाहिजे. उमलाझीतल्या त्या मुली आठवड्यातून दोनदा बोट पुढे करत. त्या बोटावर सगळा निकाल उभा आहे.

टिमोथी ब्राउन काही वर्षे फक्त ‘बर्लिनचा रुग्ण’ म्हणून ओळखले जात. २०१० मध्ये त्यांनी आपले नाव जाहीर केले. बरा झालेला जगातला एकटाच माणूस होऊन राहायचे नाही, असे ते सांगत, आणि म्हणून पुढची अनेक वर्षे ते पुन्हा पुन्हा रक्त आणि ऊती तपासायला देत राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या शरीरात एचआयव्ही नव्हता. जुना कर्करोग परतला होता. सीसीआर-५ सोडून दुसऱ्या दाराने शिरणारा विषाणू त्यांना पुन्हा लागू शकत होता, म्हणून बरे झाल्यानंतरही ते एक गोळी घेत. लागण होऊ नये म्हणून घ्यायची गोळी.